आधी नंबर लाव

पोरा,

परवा पाळी सुटताना गेटवर गालाला हात लावून तू विचारलंस, "काका, दाताच्या डॉक्टरकडं जायच्या आधी गोळी खाल्ली तर दुखरा दात सापडत नाही म्हणतात. खाऊ का नको?" मी घाईत "खा की लेका" म्हणून मोकळा झालो. आज डबा खाताना तू हसत म्हणालास, "राहिलं काका दुखायचं, थांबलं." तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय.

मी निम्मंच सांगितलं होतं. आधी नंबर लाव, मग गोळी घे.

तुझ्या शंकेचं म्हणशील तर, डॉक्टर दातावर ठोकून, गार लावून बघतात, त्यात गोळीनं थोडा फरक पडतो. पण एक्स-रेला गोळीचं काय पडलंय? कुठली घेतली, किती वाजता, मोबाइलमध्ये लिहून ठेव आणि खुर्चीत बसल्याबसल्या सांग. कळ सोसत रात्र काढण्यात मर्दुमकी नाही.

गोळीही अक्कल वापरून घे. आयब्युप्रोफेन जेवणानंतरच, तेही पोटात अल्सर, किडनीचा त्रास किंवा दमा नसेल तर. सोबत पॅरासिटामॉल चालतं, दातदुखीला दोन्ही मिळून चांगली लागू पडतात. पण स्ट्रिपच्या मागं वाच, कित्येक गोळ्यांत दोन्ही आधीच एकत्र असतात. पॅरासिटामॉल दिवसाला 4 ग्रॅमच्या, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या 8 गोळ्यांच्या, वर कधीच नाही. लवंगेचं तेल थेंबभर कापसावर घेऊन किडीच्या खड्ड्यात ठेव. हिरडीला लागलं तर पोळतं. आजीला हसू नकोस, त्यातलं युजेनॉल डॉक्टरही तात्पुरत्या सिमेंटात वापरतात. ॲस्पिरिन हिरडीवर दाबून धरायचा उद्योग मात्र मी केलाय. हिरडी पांढरीफटक पडून सोलली, ठणका होता तिथंच. आणि मेडिकलवाल्याकडं "अँटिबायोटिक पण द्या" म्हणू नकोस. आत सुजलेल्या नसेची कळ त्यानं थांबत नाही.

हे सगळं नंबर येईपर्यंत. नंबराच्या ऐवजी नव्हे.

आता "राहिलं"चं ऐक. 1994 साली मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ मशीनवर होतो. उजवी खालची दाढ चार महिने गोळ्यांवर काढली. एका सकाळी उठलो तर दुखायचं राहिलेलं. खुशीत मिसळ खाल्ली, कट दोनदा मागून. दाढ बरी झाली नव्हती रे, आतली नस मेली होती. मेलेली नस कशाला बोंबलेल? पू मुळाच्या टोकाशी साठत होता. तीन आठवड्यांनी जबड्याखाली लिंबाएवढी सूज, तोंडात दोन बोटं जाईनात, आणि रात्री भावानं स्कूटरवर घालून सीपीआरला, सरकारी दवाखान्यात, नेलं. दाढ गेली. वेळेत गेलो असतो तर रूट कॅनॉल करून कदाचित वाचली असती.

तू म्हणशील, मग काका, तुम्ही का नाही नंबर लावला? बहिणीचं लग्न तोंडावर होतं, ओव्हरटाइम सोडवत नव्हता, हातात पैसा नव्हता. यातलं काहीही खोटं नाही. माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं, असं मी अजून म्हणतो. फक्त चार महिन्यांच्या गोळ्यांना पैसे कुठनं आले, हे बायकोनं तेव्हा विचारलं होतं. तिला मी आजतागायत उत्तर दिलेलं नाही.

तुझी तर तीही अडचण नाही. बहीण लग्न होऊन इचलकरंजीला नांदतेय, पगार सात तारखेला होतो. तुला वाटतोय तो कंटाळा आणि सुईची भीती. सुईला मीही भितो, त्यात लाजायचं काय? पण लाव की नंबर!

गालाला सूज, ताप, तोंड उघडेना, गिळताना अडकायला लागलं, तर मात्र नंबराची वाट बघू नकोस. रात्रीचे दोन वाजले असले तरी सीपीआर गाठ आणि मला फोन कर. जबड्याखालची सूज श्वासावर येते.

उद्या तू साडेतीनला सुटतोस. मी गेटवर गाडी घेऊन थांबतो. नंबर लावलास तर तुझ्याबरोबर येतो, नाही लावलास तर तिथनंच लावू. आणि पुन्हा "राहिलंय काका" म्हणालास तर रविवारचा तांबडा रस्सा माझ्या घरी मिळायचा नाही.

तुझा,
काका