माझदा 13बी बसवलेल्या विमानाच्या कूलिंगमधली हवा पूर्ण कशी काढावी?

तुम्ही लिहिलंय की इंजिन माझदाचं 13बी, म्हणजे पिस्टनऐवजी फिरणारा रोटर असलेलं रोटरी इंजिन आहे, दोन्ही रेडिएटर खाली पोटाशी आहेत, विमान शेपटीवर टेकणारं आहे आणि चार वेळा कूलंट भरूनही तापमानाचा काटा नाचतोय. आधी एक विनंती: हा काटा स्थिर होईपर्यंत इंजिन पूर्ण जोरात चालवू नका.

इंदूरला लोहामंडीजवळच्या आमच्या वर्कशॉपमध्ये एका मित्राच्या विमानासाठी हेच इंजिन आम्ही स्टँडवर लावलं होतं. तिसऱ्या दिवशी काटा 90 अंशांवरून झरकन 60 वर उतरला. आम्हाला वाटलं, चला, थंड झालं. खरं तर सेन्सर पाण्याबाहेर, वाफेत उघडा पडला होता. इंजिन बंद करेपर्यंत पाण्याचे सील गेले होते. रोटरीत पेट्रोल नेहमी एकाच बाजूला, प्लगांपाशी जळतं. गार ताजी हवा येते ती दुसऱ्या बाजूने. त्यामुळे त्या गरम जागेला पाण्याशिवाय आधार नाही. तिथे बुडबुडा अडकला की हाउसिंगचं, म्हणजे रोटरभोवतीच्या कवचाचं, ॲल्युमिनियम वाकतं. तेव्हापासून तापमानाच्या काट्याशेजारी कूलंटच्या दाबाचा गेज लावल्याशिवाय मी इंजिन सुरूच करत नाही.

माझ्या मते तुमची चूक भरण्यात नाही, नळ्यांत आहे. हवेला वर जायला वाटच नाही. वर एक छोटी टाकी बसवा, सगळ्यात उंच. प्रत्येक रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातून आणि इंजिनाच्या उंच जागेवरून तिच्यात साधारण 3 मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी न्या. नळी सतत चढती हवी; मध्ये झोळ पडला तर तिथे पाणी साचून हवा पुन्हा कोंडते. टाकीच्या तळातून जाड नळी पंपाच्या ओढणाऱ्या तोंडाला. शेपूट जमिनीवर असताना आणि उचललेली असताना उंच जागा बदलते, म्हणून शेपूट टेकूवर ठेवूनही एकदा पाहा.

कूलंट गार इंजिनात, खालच्या ड्रेनमधून हातपंपाने सावकाश वर चढवा, बारीक नळ्यांतून बुडबुड्याशिवाय धार येईपर्यंत. मग टाकीचं झाकण लावून थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) उघडेपर्यंत मंद चालवा, पूर्ण निवू द्या, पातळी भरा. असं दोन-तीनदा. थर्मोस्टॅट काढून टाकला असेल तर बायपासचं, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत नेणारं, भोक बुजवलंय ना, तेही बघा.

झाकण दाब धरणारंच हवं. इंदूर सुमारे 550 मीटर उंचीवर आहे, इथेच उघड्या पातेल्यातलं पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. 3,000 मीटरवर ते 90 ला उकळेल. 0.9 बारचं झाकण धड असेल तर जमिनीवर साधं पाणीही 118 पर्यंत तग धरतं.

एवढं करूनही बुडबुडे थांबत नसतील आणि गार इंजिन सुरू करताच मिनिटभरात दाब चढत असेल, तर ती अडकलेली हवा नाही, जळलेला गॅस पाण्यात शिरतोय. मग इंजिन खोलावंच लागेल.