ईसीटू सर्व्हरचे लॉग आणि मेमरीचे आकडे क्लाउडवॉचमध्ये कसे पाठवावेत?

आपल्या प्रश्नानुसार ॲमेझॉनच्या क्लाउडच्या मुंबई विभागात आपले सहा उबुंटू सर्व्हर (ईसीटू, म्हणजे भाड्याने घेतलेली व्हर्च्युअल मशीन) आहेत. क्लाउडवॉच या ॲमेझॉनच्या देखरेख सेवेत सीपीयूचा आलेख दिसतो, पण मेमरी आणि डिस्क दिसत नाही, आणि जावा ॲप्लिकेशनचे लॉग पाहायचे तर दरवेळी सर्व्हरवर लॉगिन करावे लागते. हे सारे एका ठिकाणी कसे आणावे आणि बिल किती वाढेल, असे आपण विचारले आहे.

सीपीयू आणि नेटवर्कचे आकडे व्हर्च्युअल मशीनच्या बाहेरून, ती मशीन चालवणाऱ्या हायपरवायझर या सॉफ्टवेअरच्या पातळीवर मोजले जातात. आतील ऑपरेटिंग सिस्टिमने मेमरी किती वापरली किंवा फाइल सिस्टिम किती भरली हे बाहेरून कळत नाही, म्हणून ते सांगणारा क्लाउडवॉच एजंट प्रत्येक सर्व्हरवर बसवावा लागतो. त्यासाठी पॅकेज टाकावे, सर्व्हरला आयएएम रोल (ॲमेझॉनमधील परवानग्यांची ओळख) जोडून त्याला 'क्लाउडवॉचएजंटसर्व्हरपॉलिसी' द्यावी आणि काय गोळा करायचे ते एका जेसन स्वरूपाच्या सेटिंग फाइलमध्ये लिहावे. ॲक्सेस की, म्हणजे ॲमेझॉनची गुप्त किल्ली, मात्र सर्व्हरवर ठेवू नये. रोल असताना तिची गरज पडत नाही.

एवढे काम अर्ध्या तासाचे आहे. माझा वेळ गेला तो घड्याळात, आणि आपला सर्व्हर भारतीय वापरासाठी असल्यामुळे आपलाही जाण्याची शक्यता आहे.

आमच्या एका सर्व्हरवर घड्याळ यूटीसीवर, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, होते, पण जावा ॲप्लिकेशन सुरू करताना कोणीतरी 'एशिया-कोलकाता' हा टाइमझोन दिलेला होता. त्यामुळे लॉगमधील ओळ '१४:३२:०७' अशी, भारतीय वेळेत आणि टाइमझोनचा कोणताही उल्लेख न करता लिहिली जात होती. एजंटला वेगळे काही सांगितले नाही तर तो सर्व्हरचाच टाइमझोन गृहीत धरतो, म्हणून त्याने ती वेळ यूटीसी म्हणून वाचली. प्रत्यक्षात त्या क्षणी यूटीसीनुसार ०९:०२:०७ झाले होते, म्हणजे ती नोंद साडेपाच तास भविष्यातील ठरली. क्लाउडवॉच दोन तासांहून अधिक पुढची नोंद स्वीकारत नाही, तशीच चौदा दिवसांपेक्षा जुनीही स्वीकारत नाही. मेमरीचा आलेख व्यवस्थित येत होता, सिस्टिमचे लॉग येत होते, फक्त ॲप्लिकेशनच्या लॉगची एकही ओळ दिसत नव्हती, आणि आम्ही दीड दिवस परवानग्या तपासत बसलो. एजंटचा स्वतःचा लॉग पहिल्याच तासात उघडला असता तर हा प्रश्न तिथेच सुटला असता. ॲप्लिकेशनने यूटीसीमध्ये लिहावे, किंवा वेळेच्या शेवटी '+०५३०' लिहून एजंटच्या वेळेच्या नमुन्यातही त्याची जागा ठेवावी, हे दोनच उपाय मला टिकाऊ वाटतात.

त्याच जेसन फाइलमध्ये आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. जावाचा स्टॅक ट्रेस, म्हणजे चूक कुठे झाली ते दाखवणारी यादी, पन्नास ओळींचा असू शकतो आणि नवी नोंद कुठे सुरू होते हे एजंटला सांगितले नाही, तर त्या ओळी एका नोंदीत न राहता तुटून सुट्या जाऊ शकतात. तसेच फाइलच्या मार्गात तारांकन वापरले, तर जुळणाऱ्या फायलींपैकी सर्वांत अलीकडे बदललेली एकच फाइल पाठवली जाते. म्हणून ॲक्सेस लॉग आणि एरर लॉग यांना स्वतंत्र नोंदी द्याव्यात.

आता बिलाकडे वळतो. एजंटने पाठवलेले प्रत्येक मेट्रिक (मोजला जाणारा आकडा) 'कस्टम' गणले जाते आणि पहिल्या दहा हजारांपर्यंत त्याचा दर महिन्याला ०.३० डॉलर आहे. दहा मेट्रिक मोफत मिळतात. डायमेन्शनची (म्हणजे सर्व्हर, कोअर, डिस्क अशा ओळखखुणांची) प्रत्येक नवी जुळणी हे वेगळे मेट्रिक असते, आणि बिल फुगते ते इथेच. समजा आठ कोअरच्या सहा सर्व्हरवर प्रत्येक कोअरचे चार आकडे घेतले, तर १९२ मेट्रिक होतात आणि मोफत दहा न धरता महिन्याला सुमारे ५८ डॉलर जातात, तेही असे आलेख मिळवण्यासाठी जे कोणी उघडत नाही. डिस्कच्या बाबतीत उबुंटूवर एक गंमत आहे: स्नॅप पॅकेजे स्क्वॉशएफएस या केवळ वाचता येणाऱ्या फाइल सिस्टिम म्हणून माउंट होतात (जोडली जातात) आणि ती नेहमी १०० टक्के भरलेलीच दिसतात. सर्व माउंट घेतले तर पैसेही जातात आणि अलार्मही विनाकारण वाजतो, म्हणून स्क्वॉशएफएस आणि टीएमपीएफएस (मेमरीतील तात्पुरती फाइल सिस्टिम) वगळावेत. मी मेमरीची टक्केवारी, मूळ डिस्क आणि डेटाची डिस्क एवढेच घेतो.

लॉगसाठी पैसे मुख्यतः आत घेतानाच लागतात. उत्तर व्हर्जिनिया विभागात हा दर जीबीमागे ०.५० डॉलर आहे आणि मुंबईत त्याहून अधिक आहे. म्हणून डीबग पातळीचे, म्हणजे दोष शोधण्यासाठीचे बारीकसारीक लॉग सर्व्हरवरच राहू द्यावेत. सर्व्हर चालू आहे का हे लोड बॅलन्सर वारंवार तपासतो, त्या हेल्थ चेकच्या ओळीही एजंटमध्ये गाळता येतात. त्याने बिल फारसे घटत नाही, पण वाचताना डोळ्यांना त्रास कमी होतो. लॉग ग्रुपची मुदत मुळात 'कधीही संपत नाही' अशी असते, ती स्वतः ठरवावी. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार १८० दिवसांचे लॉग जपणे अपेक्षित आहे आणि क्लाउडवॉचमध्ये १८० दिवसांचा पर्याय उपलब्ध आहे, तेव्हा आपल्याला तोच घ्यावा लागेल असे वाटते.

मेमरीचा अलार्म लावताना आकडे न आल्यास काय समजावे हा पर्याय बदलून 'मर्यादा ओलांडली' असा करावा. नाहीतर एजंट बंद पडल्यावर अलार्म केवळ 'पुरेसा डेटा नाही' या अवस्थेत जातो, आणि सूचना फक्त धोक्याच्या अवस्थेसाठीच लावलेली असल्यास कोणालाही ईमेल जात नाही. सगळे झाल्यावर एका सर्व्हरवरील एजंट दिवसाउजेडी मुद्दाम थांबवून पाहावा आणि ईमेल किती मिनिटांत येतो ते मोजावे.