आईचं क्रिएटिनिन वाढलं ते क्रिएटिनमुळे की किडनीमुळे?

घाबरू नका, पण डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत क्रिएटिनचा डबा बंद ठेवा.

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय 63, मधुमेह आणि रक्तदाब जुना, गुडघा बदलल्यावर मांडीत ताकद यावी म्हणून दोन महिने रोज 5 ग्रॅम क्रिएटिन पावडर चालू आहे, आणि रक्तातलं क्रिएटिनिन 0.9 वरून 1.2 झालं. मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. औषधांचं तुमच्या डॉक्टरांनीच ठरवावं, पण हा आकडा कसा तयार होतो ते मी सांगू शकते.

क्रिएटिन आपल्या शरीरातही बनतं आणि त्यातलं जवळपास 95 टक्के स्नायूंमध्ये असतं. या साठ्यातला एक-दोन टक्के भाग रोज आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलतो आणि किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते. रक्तात क्रिएटिनिन साचलं की किडनी कमी गाळतेय, असा अंदाज आपण बांधतो. पण वरून पावडर घेतली की मुळात तयारच जास्त होतं. किडनी पूर्वीइतकंच काम करत असली, तरी रिपोर्ट बिघडलेला दिसतो.

आणि रिपोर्ट इथेच थांबत नाही. ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज, याच आकड्यावरून काढतात. 63 वर्षांच्या बाईचं क्रिएटिनिन 0.9 असेल तर तो साधारण 72 येतो, 1.2 झालं की 51. साठच्या खाली गेला की मेटफॉर्मिनसारख्या औषधांच्या डोसचा, सीटी स्कॅनमध्ये शिरेतून द्यायच्या औषधाचा विचार सुरू होतो. म्हणून डॉक्टरांना न सांगता क्रिएटिन घेणं मला किडनीच्या भीतीपेक्षाही जास्त खटकतं. डॉक्टर चुकीच्या आकड्यावर निर्णय घेतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

किडनीच्या भीतीबद्दल बोलायचं तर पार्किन्सनच्या 1741 रुग्णांना घेऊन एक मोठी चाचणी झाली. त्यातल्या निम्म्यांना रोज 10 ग्रॅम क्रिएटिन, तेही काही वर्षं दिलं. 2013 मध्ये ती थांबवली, कारण आजारावर काही फायदा दिसेना. सुरक्षिततेची तक्रार नव्हती. टाइप 2 मधुमेहाच्या रुग्णांना व्यायामासोबत 12 आठवडे रोज 5 ग्रॅम देऊन पाहिलं, तेव्हाही किडनीला इजा दिसली नाही. मात्र ज्यांची किडनी आधीच आजारी आहे त्यांना हे लागू करू नका. किडनीचा आजार असलेल्या, सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) घेणाऱ्या 25 वर्षांच्या एका तरुणाची किडनी क्रिएटिन घेताना आणखी मंदावली आणि बंद केल्यावर सुधारली, अशी नोंद 1998 मध्ये प्रसिद्ध झाली होती.

आता मला खरी काळजी वाटते ती वेगळीच. रोज 5 ग्रॅमने क्रिएटिनिन बहुधा 0.1 च्या आसपास वाढतं. 0.3 ची वाढ सगळीच्या सगळी पावडरीच्या माथी मारायला माझं मन धजत नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई दुखण्याच्या गोळ्या घेतात का? डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅसिक्लोफेनॅक यांपैकी काही? आणि सोबत रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल? ही जोडी, त्यात पाणी कमी पिणं, यानं मधुमेही किडनीला खरोखर त्रास होतो. "क्रिएटिनमुळेच असेल" म्हणून सोडून दिलं तर हे निसटतं. रक्तदाबाची गोळी मात्र मनाने बंद करू नका.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि क्रिएटिनचा डबाही न्या. सिस्टॅटिन सी ही किडनीच्या कामाचा अंदाज देणारी दुसरी रक्ततपासणी करता येईल का ते विचारा. क्रिएटिन खाल्ल्याने ती वाढत नाही. (थायरॉइडचा त्रास किंवा स्टिरॉइड चालू असेल तर तेही सांगा, त्याने ती बदलते.) लघवीतल्या अल्ब्युमिनची (एक प्रथिन) तपासणीही करून घ्या, मधुमेहात ती दरवर्षी व्हायलाच हवी.

पावडर बंद केल्यावर स्नायूंतला साठा पूर्ववत व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. नुसत्या पावडरीचा परिणाम तपासायचा असेल तर क्रिएटिनिन तेवढ्या दिवसांनी पुन्हा करा, पण डॉक्टरांची भेट तोवर लांबवू नका, ती याच आठवड्यात घ्या. फेरतपासणी त्याच लॅबमध्ये करा, आणि आदल्या दिवशी मांसाहार आणि दमवणारा व्यायाम टाळा.