तलाठी असलेले नाना पाटील खासदार कसे झाले?

क्रांतिसिंह नाना पाटील म्हणजे आमच्या सांगलीतल्या वाळवा तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचे. जन्म 1900 चा. तलाठ्याची नोकरी होती, पण 1930 च्या कायदेभंगाच्या वेळी ती सोडून ते चळवळीत उतरले.

पुढे 1942 पासून भूमिगत, आणि सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार, म्हणजे इंग्रज सरकारला समांतर असा लोकांचा स्वतःचा कारभार. (सांगली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता.) माझ्या मते त्यांची खरी राजकीय शाळा हीच. गावातच न्यायनिवाडे व्हायचे, सावकार आणि गुंडांना वचक बसला. लग्नं ‘गांधी विवाह’ पद्धतीनं लागायची: मानपान नाही, जेवणावळी नाहीत, साधे हार घालायचे की झालं. लेकीच्या लग्नापायी जमीन गहाण टाकणाऱ्या बापाला हे केवढं मोठं वाटलं असेल!

स्वातंत्र्यानंतर ते आधी शेतकरी कामगार पक्षात, मग कम्युनिस्ट पक्षात गेले. 1957 मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. दिल्लीत जाऊनही सभागृहात आपल्या मराठीतच बोलले, याचा मला फार अभिमान वाटतो. 1967 मध्ये तर बीडकरांनी त्यांना खासदार केलं. घरापासून एवढ्या लांब, तेही कम्युनिस्ट उमेदवार म्हणून! 6 डिसेंबर 1976 ला ते गेले.