आजोबांचा दुष्काळ आणि मुलाची बंद खोली

इंग्लंडमधल्या स्लाऊच्या एक वाचक भगिनी लिहितात : “मुलगा 24 वर्षांचा आहे. तीन महिने कामावर गेलेला नाही. डॉक्टरांनी नैराश्य सांगितले आहे. मी रोज समजावते की तुझ्या आजोबांनी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, मिलोच्या, म्हणजे आयात केलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी खाल्ल्या, तुला काय कमी आहे? तो ऐकून घेतो आणि दार लावतो. मग मी ताट दाराबाहेर ठेवते.”

ताई, तुमची तळमळ मला कळते. परक्या देशात काटकसरीने घर उभे केलेल्या आपल्या पिढीच्या तोंडी हा प्रश्न येतोच. तरीही स्पष्ट सांगते, हे समजावणे आजपासून बंद करा. इथले डॉक्टर नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची जी प्रश्नावली नेहमी वापरतात, तिच्यात गेल्या 2 आठवड्यांतली झोप, भूक आणि थकवा यांच्याबरोबरच, आपण अपयशी आहोत, आपण घरच्यांची निराशा केली असे वाटते का, हेही विचारलेले असते. म्हणजे अपराधीपणा हे या आजाराचेच एक लक्षण आहे, आणि आजोबांची खडी ऐकवून आपण नेमके तेच वाढवतो.

ही चूक मीही केली आहे. बाळंतपणानंतर माझी धाकटी बहीण खचली, तेव्हा मी तिला म्हटले होते, “आईने चार मुले चुलीच्या धुरात वाढवली, तुझ्या घरात तर सगळी यंत्रे आहेत.” ती बाळाचे एकच झबले पुनःपुन्हा उलगडून घडी घालत होती. मान वर न करता म्हणाली, “ताई, मला माहीत आहे गं, म्हणूनच तर लाज वाटते.” त्यानंतर कितीतरी महिने फोनवर तिचे एकच उत्तर असे, ‘मी बरी आहे’, आणि त्यावर विश्वास ठेवणे मला सोयीचे वाटले.

तुमच्या सासऱ्यांना 1972 साली दुष्काळी कामावरून कोणी असे सांगून परत पाठवले नाही की 1943 मध्ये बंगालात लाखो माणसे भुकेने मेली, तुमचे त्या मानाने बरे आहे. त्यांची भूक खरी मानली गेली, म्हणून त्यांना काम मिळाले. नातवाचे दुखणेही तसेच, कशाशीही न मोजता, खरे माना.

धाकट्या मुलीचे मराठी आणि महाराष्ट्र मंडळातली कुजबुज यांची जी काळजी तुम्ही पत्रात पुढे लिहिली आहे, ती तूर्त बाजूला ठेवा. मंडळाला उत्तर देणे आपण लागत नाही.

इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, समुपदेशन सेवेकडे त्याला डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्वतःच नाव नोंदवता येते. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा त्याने केली, तर एनएचएसचा 111 हा फोन क्रमांक लावून 2 हा पर्याय निवडा. जीव तातडीने धोक्यात असेल तर 999. आज रात्री मात्र ताट दाराबाहेर ठेवू नका. ते घेऊन आत जा, “तुला किती जड जातंय ते सांग, मी ऐकते,” एवढेच म्हणा, आणि तो काही बोलला नाही तरी त्याचे जेवण होईपर्यंत तिथेच बसा.