विश्वासू कोण: विश्वास ठेवणारा की ठेवण्याजोगा?

प्रश्न असा आला आहे. एका ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, उपवासकाळातल्या (ईस्टरआधीच्या दिवसांतल्या) पत्रकावर ‘येणाऱ्या न्यायाच्या प्रकाशात विश्वासू जीवन जगा’ असे वाक्य होते. विचारणाऱ्या ताई मराठी शिकवतात, ख्रिस्ती नाहीत. त्यांचे म्हणणे, विश्वासू म्हणजे ज्याच्यावर भरवसा टाकता येतो तो : विश्वासू नोकर, विश्वासू मित्र. देवावर भरवसा माणूस ठेवतो; मग माणूस श्रद्धाळू झाला, फार तर विश्वास ठेवणारा झाला. इथे ‘विश्वासू’ चुकून पडला आहे का? शिवाय, हे वाक्य म्हणजे शेवटी देव सगळ्यांचा न्याय करणार याची भीती घालून लोकांना सरळ वागायला लावणेच नाही का?

‘विश्वासू’ चुकलेला नाही. त्या वाक्यात दोन गोष्टी खटकतात, पण त्या वेगळ्या आहेत. त्यांच्याकडे शेवटी येतो.

आधी शब्दाची घडण पाहू. ‘ऊ’ लागून झालेले मराठी शब्द बहुधा स्वतः काही करणाऱ्याचे असतात. लढाऊ लढतो, टिकाऊ टिकते. त्या चालीने विश्वासू म्हणजे विश्वासणारा, असे वाटू शकते. पण वापराने हा शब्द दुसऱ्या बाजूला गेला आहे. संशय घेणारा तो संशयी आणि ज्याचा संशय घेतला जातो तो संशयित, अशी चोख वाटणी मराठीत आहे. विश्वासाच्या बाबतीत ठेवणाऱ्यासाठी रुळलेला एकच सुटसुटीत शब्द नाही. ज्याच्यावर ठेवायचा त्याच्यासाठी मात्र रांग आहे : बातमी विश्वसनीय असते, आकडेवारी विश्वासार्ह असते आणि माणूस विश्वासू असतो. विश्वासू आकडेवारी कुणी म्हणत नाही. हा शब्द माणसाला लागतो, आणि तोही बहुतेक वेळा ज्याच्या हाती दुसऱ्याचे काही सोपवले आहे अशा माणसाला.

आमच्या मंडळीत रविवारची उपासना संपली की दानाच्या थैल्या आतल्या खोलीतल्या टेबलावर रिकाम्या करतात. दोघे जण बसून मोजतात, नोटा वेगळ्या, चिल्लर वेगळी. आकडा वहीत लिहून दोघांच्या सह्या झाल्या की पैसे खजिनदाराकडे जातात आणि वर्षाच्या सभेत सगळा हिशेब वाचून दाखवला जातो. या कामाला माणूस निवडताना तो प्रार्थना किती लांब करतो हे कुणी विचारत नाही. ‘माणूस विश्वासू आहे’ एवढे म्हटले की बास. ताईंना जो अर्थ ठाऊक आहे तोच हा अर्थ, आणि पत्रकातल्या वाक्यातही तोच आहे.

चर्चच्या मराठीत घोळ होतो तो वेगळ्या ठिकाणी. ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्यांना शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, मराठीत ‘विश्वास ठेवणारे’ किंवा ‘विश्वासणारे’ म्हणतात. प्रार्थना-सभांतून, बहुधा हिंदीच्या वळणाने, ‘विश्वासी’ आला आहे. आणि कधी कधी ‘सर्व विश्वासूंनी वेळेवर हजर राहावे’ अशी सूचनाही वाचायला मिळते. ही शेवटची मला मान्य नाही. विश्वासणारा मी स्वतःला म्हणू शकतो, कारण माझा विश्वास कुणावर आहे ते मला ठाऊक आहे. विश्वासू मला दुसऱ्याने म्हणायचे असते. ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने करिंथ इथल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात हे अगदी स्पष्ट आहे : कारभारी विश्वासू असला पाहिजे असे म्हणून तो लगेच सांगतो की तुम्ही माझा न्याय करावा याचे मला फारसे काही वाटत नाही, मी स्वतःचाही न्याय करत नाही, न्याय करणारा प्रभू आहे. म्हणजे ‘विश्वासू’ हे विशेषण देण्याचा हक्क धन्याचा, आणि ते मिळण्याचा दिवस न्यायाचा. मंडळीच्या सूचनेने ते आधीच वाटून टाकू नये.

मुळात नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाच्या, ग्रीकमध्ये ‘पिस्तोस’ हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी येतो, विश्वास ठेवणारा आणि विश्वास ठेवण्याजोगा. मराठी भाषांतरकारांना दर वेळी निवड करावी लागली, आणि ती त्यांनी डोळसपणे केलेली दिसते. मरणातून उठलेला येशू आपल्या थोमा या शिष्याला सांगतो तिथे ‘विश्वास ठेवणारा’, देवाविषयी बोलताना ‘विश्वसनीय’ आणि धन्याच्या दासाविषयी ‘विश्वासू’. तिन्ही ठिकाणी ग्रीक शब्द तोच. एका शब्दाचे तीन झाल्यामुळे मराठी वाचकाचे एक नुकसान होते : देवाला आणि दासाला एकच विशेषण लावले आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही. पण ‘देव विश्वासू आहे’ म्हटले तर मराठी कानाला देव कुणाचा तरी नोकर वाटेल, म्हणून तिथे ‘विश्वसनीय’ हेच बरे.

‘विश्वासू दास’ येतो तो मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात, येशूने सांगितलेल्या एका दाखल्यात, आणि ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही मला तिथेच सापडते. परगावी निघालेला धनी आपली मालमत्ता तीन दासांच्या हाती देतो : एकाला पाच तालांत, एकाला दोन, एकाला एक. तालांत हे वजन होते, नाणे नव्हे. चांदीचा एक तालांत सुमारे ६००० दिनारांचा धरतात आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. तेव्हा ज्याला सगळ्यांत कमी मिळाले त्याच्याही हाती जवळपास वीस वर्षांची कमाई होती. पुष्कळ काळाने धनी परत येतो आणि हिशेब घेतो. पाचाचे दहा करणारा आणि दोनाचे चार करणारा, दोघांनाही शब्द न् शब्द तेच ऐकायला मिळते : ‘शाबास, भल्या व विश्वासू दासा’. रक्कम वेगळी, शाबासकीत फरक नाही.

तिसऱ्याने काय केले ते नीट पाहण्यासारखे आहे. त्याने चोरी केली नाही, उधळपट्टी केली नाही, पैसे जमिनीत पुरले आणि जसेच्या तसे परत केले. आपल्या मराठीत त्याला ‘प्रामाणिक’ म्हणायला कुणाची हरकत नसावी. तरी तो विश्वासू ठरत नाही. आणि त्याने कारण काय दिले? तुम्ही कठोर आहात हे मला माहीत होते, म्हणून मी भ्यालो. तिघांनाही हिशेबाचा दिवस येणार हे ठाऊक होते. भीतीने वागला तो एकटाच, आणि भीतीने त्याचे हात बांधले. बाकीच्या दोघांनी धन्याचा माल आपला समजून कामाला लावला. त्या धन्याविषयी त्यांच्या मनात विश्वास होता म्हणून ते विश्वासू निघाले. ग्रीक शब्दाचे दोन अर्थ इथे एकमेकांत मिसळतात, आणि मराठीतही ते ऐकू येतात, कारण दोन्ही शब्दांत ‘विश्वास’ उभाच आहे. न्यायाचा दिवस सांगायचा तो तिसऱ्या दासासारखे माणसे थिजवण्यासाठी नाही, हे माझे ठाम मत आहे, आणि व्यासपीठावरून जे तसे सांगतात त्यांनी ही गोष्ट पुन्हा वाचावी.

न्यायासाठी शास्त्रात येणारे मराठी शब्दही बघा. न्याय, न्यायनिवाडा हे आहेतच. निवाड्यात ‘निवडणे’ ऐकू येते आणि ते इथे शोभते, कारण ग्रीकमधला न्यायाचा शब्द ‘क्रिसिस’ हाही वेगळे करणे, निवडणे याच मुळाचा. बाप्तिस्मा करणारा योहान येणाऱ्या न्यायाविषयी बोलतो तेव्हा त्याच्या बोलण्यात खळे येते, सूप येते, गहू आणि भूस येते. ज्याने पाखडणी पाहिली आहे त्याला निवाडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पण सामान्य विश्वासणाऱ्याच्या रोजच्या जगण्याला भिडणारा शब्द मला ‘हिशेब’ वाटतो. माणसे जो जो व्यर्थ शब्द बोलतील त्याचा हिशेब न्यायाच्या दिवशी द्यावा लागेल, असे येशू मत्तयाच्या बाराव्या अध्यायात म्हणतो. जुन्या मराठीत याला झाडा देणे म्हणत. गोव्याच्या कोंकणीत शेवटल्या न्यायाला ‘निमाणी झडती’ म्हणतात. आपल्याकडे झडती म्हटले की पोलीस आठवतात, पण जुन्या दफ्तरी भाषेत झडती हिशेबाचीही असे.

येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रात एक वाक्य आहे, न्यायनिवाड्याची सुरुवात देवाच्या घरापासून होण्याची वेळ आली आहे, या अर्थाचे. शेजारच्या लोकांना न्यायाचा धाक दाखवण्याआधी मंडळीने आपली वही उघडावी, एवढे त्यातून नक्की निघते. आणि त्याच अध्यायात, सर्व गोष्टींचा शेवट जवळ आला आहे असे म्हटल्यावर पेत्र सांगतो काय? मर्यादेने राहा, प्रार्थना करा, एकमेकांवर प्रीती करा, कुरकुर न करता पाहुणचार करा, मिळालेले कृपादान चांगल्या कारभाऱ्यासारखे एकमेकांच्या सेवेत खर्च करा. शेवट जवळ आला म्हणून घरदार सोडून डोंगरावर जायला तो सांगत नाही. कुरकुर न करता पाहुण्याला जेवू घाला म्हणतो.

‘विश्वासू’ या शब्दाची सगळ्यांत मोठी परीक्षा प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. स्मुर्णा इथल्या मंडळीला निरोप येतो : मरेपर्यंत विश्वासू राहा, म्हणजे मी तुला जीवनाचा मुकुट देईन. स्मुर्णा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले इझ्मिर. त्याच शहरात दुसऱ्या शतकाच्या मध्यास पॉलिकार्प या म्हाताऱ्या बिशपाला रोमी अधिकाऱ्यापुढे उभे केले. कैसराच्या, म्हणजे रोमी सम्राटाच्या, नावाने शपथ घे, ख्रिस्ताची निंदा कर, मी तुला सोडतो, असे अधिकारी म्हणाला. पॉलिकार्पचे उत्तर स्मुर्णाच्या मंडळीने लिहून ठेवले आहे. त्याचा आशय असा : ८६ वर्षे मी त्याची चाकरी केली, त्याने माझे काही वाईट केले नाही, ज्या राजाने मला तारले त्याची निंदा मी कशी करू? अधिकाऱ्याने आगीची धमकी दिली तेव्हा तो म्हणाला की तुमची आग घटकाभर जळते आणि विझते, येणाऱ्या न्यायाची आग तुम्हांला ठाऊक नाही. न्यायाचा दिवस त्याच्याही डोळ्यांपुढे होता. पण त्याने आधी चाकरी सांगितली, धन्याचा चांगुलपणा सांगितला, आग नंतर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

पॉलिकार्पच्या उत्तराला मराठीत एका क्रियापदात बसवायचे तर ते ‘जागणे’. खाल्ल्या मिठाला जागणे, दिल्या शब्दाला जागणे. इथे आपल्या भाषेने एक अपूर्व सोय करून ठेवली आहे. धनी कोणत्या घटकेला येईल माहीत नाही म्हणून जागे राहा, असे येशू पुन्हा पुन्हा सांगतो. ग्रीकमध्ये त्या क्रियापदाचा अर्थ झोपू नका, सावध असा. मराठीत मात्र झोप न लागणे आणि निष्ठेने वागणे या दोहोंना ‘जागणे’ हा एकच शब्द आहे. रात्री दिवे घेऊन नवरदेवाची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींच्या दाखल्यात दहाही जणींना झोप लागली, शहाण्यांनासुद्धा. ज्यांनी दिव्यांसाठी तेल बरोबर घेतले होते त्या लग्नाला आत गेल्या. त्या दुसऱ्या अर्थाने जागल्या. मराठीत प्रवचन करणाऱ्यांनी हा शब्द हातचा सोडू नये.

जाता जाता ‘इमान’विषयी. इमानेइतबारे, बेइमान, इमानी कुत्रा, यांतले इमान अरबीतून फारसीच्या वाटेने आले. अरबीत ईमान म्हणजे श्रद्धा. मराठीत आल्यावर ते निष्ठा झाले. अरबी ईमान आणि प्रार्थनेच्या शेवटी म्हणतात तो हिब्रू आमेन, दोन्ही एकाच सेमिटिक धातूचे, पक्के असणे, टिकून असणे या अर्थाचे. हिब्रूतला ‘एमुना’ही त्यातलाच. नीतिमान आपल्या विश्वासाने जगेल, असे हबक्कूक संदेष्टा म्हणतो तिथे हाच शब्द आहे, आणि तो म्हणतो तेव्हा खास्दी, म्हणजे बाबिलोनच्या, लोकांच्या रूपाने यहूदाच्या राज्यावर न्याय चालून येत असतो. त्याच्या ओळीतल्या विश्वासात निष्ठेने टिकून राहणेही आहे. तेव्हा ‘विश्वासाने जगणे’ आणि ‘विश्वासूपणे जगणे’ मराठीत दोन वाटले तरी हबक्कूकाला ते वेगळे करून सांगता आले नसते.

आता पत्रकातले वाक्य. ‘न्यायाच्या प्रकाशात’ हे इंग्रजीचे वळण आहे. अंधारात दडलेले प्रभू प्रकाशात आणील असे पौल म्हणतो खरा, पण पत्रक लिहिणाऱ्याच्या मनात ते असेल असे वाटत नाही; त्याला ‘लक्षात घेऊन’ म्हणायचे आहे. मराठीत आपण ‘डोळ्यांपुढे ठेवून’ म्हणतो. आणि ‘विश्वासू जीवन’ही नको. जीवन विश्वासू नसते, माणूस असतो. म्हणून : ‘प्रभूला हिशेब द्यायचा आहे हे डोळ्यांपुढे ठेवून विश्वासूपणे जगा.’ ‘विश्वासूपणे’ जड वाटत असेल तर ‘प्रभूशी एकनिष्ठ राहा’ चालेल, पण एकनिष्ठेत सोपवलेल्या मालाची आठवण येत नाही, म्हणून मी ‘विश्वासू’च ठेवीन. ‘श्रद्धाळू’ मात्र इथे घालू नये. श्रद्धाळू माणसाकडे कुणी हिशेब मागत नाही.