कथा कुणाची, हे गावाने ओळखले तर?

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात राहते आणि अधूनमधून कथा लिहिते. माझ्या थोरल्या बहिणीला भाटवे मारझोड करतात, हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. पण आई म्हणते, झाकली मूठ सव्वा लाखाची. नाव-गाव बदलून मी हे सारे एका कथेत उतरवले आहे. ती छापायला द्यावी का?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, ही कथा तुमच्या बहिणीने वाचली आहे का? वाचली नसेल, तर छपाईचा विचार तूर्त बाजूला ठेवा, कारण कथेपायी तुम्हाला फार तर बोल लागतील, मार मात्र तिला बसेल.

तिची संमती मिळाली, तरी केवळ नाव-गाव बदलून भागत नाही. खेड्यात माणूस खुणांवरून ओळखला जातो. वावर किती एकर, मुली किती, गाडी कोणत्या रंगाची, एवढ्यावर पारावरची मंडळी नेमके घर सांगतात (बदनामीच्या खटल्यातही नाव नसले तरी ओळख पटते का, हे पाहिले जाते). तेव्हा कापसाचा मुलूख सोडून कथा वरुड-मोर्शीच्या संत्राबागेत न्या, मुलांची संख्या बदला, सासूला थोरली जाऊ करा.

छळाची रीत मात्र बदलू नका. बाजाराच्या दिवशी नवरा हात पुढे करतो, ती पदराची गाठ सोडून आठवड्याची मजुरी त्याच्या हातावर ठेवते, आणि तो नोटा मोजून मिठापुरते दहा रुपये परत देतो, हा तुमच्या कथेतला प्रसंग मला सर्वांत अस्सल वाटला. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक छळाच्या जोडीने आर्थिक छळही हिंसाचारात धरला आहे. परंतु ज्या बाईने कायदा कधी वाचला नाही, तिला हे त्या दहा रुपयांवरून उमगेल.

आपल्या आज्या-पणज्यांनी सासुरवास जात्यावर गायला, तोही कधीकधी दुसऱ्या कुणा सासुरवाशिणीचा म्हणून. कथेचा आडोसा तसाच असतो. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध स्वतःच्या नावानिशी, कोणत्याही आडोशाशिवाय छापला. त्यानंतरचे त्यांचे दुसरे पुस्तक आढळत नाही. बचत गटात ही कथा वाचाल, तेव्हा बाया आधी कथेतल्या बाईविषयी बोलतील, आणि मग एखादी सहज म्हणेल, ‘आमच्याइथंबी असंच हाय.’ तिथे थांबून ऐका, नाव विचारू नका.

बहिणीसाठी मात्र कथेची वाट पाहू नका. तक्रार तिनेच द्यावी अशी सक्ती नाही. तिच्यावर हिंसाचार होत असल्याचे आपणही कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांना सद्हेतूने कळवू शकता, आणि त्याबद्दल आपल्यावर दावा लागत नाही. 181 ही महिला हेल्पलाइन आहे. नवऱ्याच्या घरात राहण्याचा हक्कही तिला याच कायद्याने दिला आहे, घर तिच्या नावावर नसले तरी. हे आईलाही सांगा.

आता कथेविषयी एक शेवटची सूचना. आरंभीचा मारहाणीचा परिच्छेद काढून टाका. दुसऱ्या दिवशी विहिरीवर शेजारीण डोळ्याखालच्या डागाविषयी विचारते आणि ती ‘पायरीवरून घसरली वं माय’ म्हणून बादली उचलते, तिथून कथा सुरू करा.